कुत्रा शेवटी मरतो का?

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांच्या पुस्तकांचं एक कपाट होतं. लोखंडी, पुढे काच, कायम कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी रात्री साडेआठनंतर घरी. डॉ. कलामांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, २०१५पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी कपाट उघडायचं, प्रत्येक मुलाच्या हातात एकेक पुस्तक यायचं, ग्रुप फोटो व्हायचा आणि पुस्तकं मोजून परत आत जायची. वार्षिक सभेत कुणीतरी नेहमीचं वाक्य टाकलं, "हल्लीची मुलं वाचतच नाहीत हो." मी म्हटलं, किल्ली मला द्या. सगळ्यांना घरी जायची घाई होती म्हणून असेल, ठराव बिनविरोध मंजूर झाला.

मी ग्रंथपाल नाही. हिशेब तपासणं हा माझा व्यवसाय. नोंदवही नीट ठेवणं एवढंच काय ते येतं, आणि पुढे तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. सोबतीला दोघं आली. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक, ज्यांना आख्खी सोसायटी 'सर' म्हणते, आणि मराठी घेऊन बीए करणारी एक मुलगी, मुलांची 'ताई'. मी अर्थातच काकू.

आधी कपाट रिकामं केलं. पुस्तकं तिघांत वाटून घेतली आणि सगळी वाचली. हे मुद्दाम सांगते, कारण मुलांसाठी पुस्तकं निवडणारे बहुतेक मोठे लोक ती वाचतच नाहीत. मुखपृष्ठ बघतात, पाठीवरचं 'वयोगट ८ ते १२' बघतात आणि विकत घेतात. एक चित्रपुस्तक वाचायला दहा मिनिटं लागतात, एक छोटी कादंबरी दोन संध्याकाळींत होते. तेवढा वेळ दिला की पुष्कळ गोष्टी उघड होतात.

ज्ञानकोशात सूर्यमालेत नऊ ग्रह होते. प्लूटोला त्या यादीतून काढलं २००६ साली. मोठ्या कादंबऱ्यांचे साठ-साठ पानांचे संक्षेप होते. त्यांत घटना सगळ्या होत्या, माणसं मात्र गायब. भाषांतरं अशी की 'त्याने आपले मस्तक नकारार्थी हलविले'. आणि बोधकथा तर विचारू नका. आळशी मुलगा पहिल्या ओळीत आळशी, शेवटच्या ओळीत कष्टाळू, मध्ये एक साधू. सरांचा बोधकथांवर जीव होता. त्या काढायच्या म्हटल्यावर ते म्हणाले, मुलांना वाचून दाखवू, मग ठरवू. दाखवल्या. तिसऱ्या गोष्टीपासून मुलं सरांच्या आधी एका सुरात तात्पर्य सांगायला लागली, तेही गोष्ट निम्म्यावर असताना. सरांनी हसत हसत पुस्तक मिटलं.

म्हणजे बोध देणारं पुस्तक वाईटच असतं असं मी म्हणत नाही. मुलांना न्याय-अन्यायाची मोठ्यांपेक्षा जास्त चाड असते. पण गोष्ट मुलाशी बोलते आहे की त्याच्या डोक्यावरून मागे उभ्या असलेल्या आईवडिलांशी, हे एका पानात कळतं. गोष्टीतली सगळी मोठी माणसं शहाणी आणि सगळी मुलं सुधारण्याजोगी असली, की समजायचं हे पुस्तक आपल्याला खूश करायला लिहिलंय.

काढलेल्या पुस्तकांवरून थोडं वाजलं. ज्यांनी ती दिली होती त्यांना वाईट वाटलं. ते खातं आम्ही सरांकडे सोपवलं.

नवीन पुस्तकं तीन-चार वाटांनी आली. जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला बालविभाग होता. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्यातून मान्यता आणि अनुदान मिळणारी अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं गावोगाव आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या बालविभागात फारसं कुणी फिरकत नाही. तिथल्या ग्रंथपाल बाईंना 'मुलं येणार आहेत' म्हटल्यावर इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः शिडीवर चढून पुस्तकं काढून दिली. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. ताईने त्यांतल्या निवडक गोष्टी छापून आणल्या. नॅशनल बुक ट्रस्टची पातळ, भरपूर चित्रांची पुस्तकं घेतली. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकंही आहेत, मुक्त परवान्याची, म्हणजे उतरवून घेऊन छापली तरी चालतात. प्रत्येकावर वाचनाची पातळी दिलेली असते, एक ते चार. ती आम्हाला अंदाज घ्यायला बरी पडली.

पुस्तकं आली, पण कपाटात उभी केल्यावर मुलांना दिसतो तो कणा. चित्रपुस्तकाला तर कणाही नसतो, दोन पिना असतात. मग आम्ही भिंतीवर आडव्या दोऱ्या बांधल्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं अडकवली, मुखपृष्ठ समोर. जाड पुस्तकं मधोमध उघडून दोरीवर पालथी घालता येतात असं सुरुवातीला वाटलं. दोन आठवड्यांत त्यांची बांधणी सैल व्हायला लागली, तेव्हा ती खाली बाकावर तिरकी ठेवायला लागलो. खालची दोरी पहिलीतल्या मुलाच्या कमरेइतक्या उंचीवर. सर म्हणाले, इतक्या खाली मला वाकता येत नाही. आम्ही म्हटलं, उत्तम.

सरांनी आणखी एक काम केलं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं सुवाच्य अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला चिकटवली. पुस्तकं वापरासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. पहिलं सूत्र वाचून सेक्रेटरींनी विचारलं, "हे मला उद्देशून आहे का?"

तिसऱ्या सूत्राकडे मी आधी दुर्लक्ष करायचे. पुस्तकासाठी वाचक शोधायचा, म्हणजे काय? काम करताना ते कळत गेलं. एखादं पुस्तक दोरीवर नुसतं लटकत असायचं, चांगलं असूनही. ते आम्ही सगळ्यात मागणी असलेल्या पुस्तकाच्या शेजारी लावायचो. तरी नाही उचललं, तर ताई एखाद्या मुलाला गाठून म्हणायची, "हे वाच आणि मला सांग, इथे ठेवावं का नाही." ज्याच्यावर असा निकाल सोपवला, त्याने पुस्तक वाचलं नाही असं मला आठवत नाही.

सगळ्यात अवघड निघाली ती निवड. मुलं दोऱ्यांसमोर उभी राहायची आणि मित्राने जे उचललं तेच मागायची. काही जण सगळ्यात जाड पुस्तक उचलायचे, कारण घरी त्याचं कौतुक होतं. त्यांना आजवर कुणी पुस्तक निवडूच दिलं नव्हतं; शाळेतलं नेमलेलं, वाढदिवसाला मिळालेलं, घरी आणलेलं. म्हणून आम्ही घाई करणं सोडलं. शनिवारची वेळ वाढवली आणि एक रीत ठरवली: आधी मुखपृष्ठ, मग पुस्तक मधेच कुठेतरी उघडायचं आणि एक पान मनात वाचायचं. पहिलं पान नाही, कारण पहिलं पान सगळेच लेखक जीव ओतून लिहितात.

पुस्तक झेपेल का हे पाहण्याची पाच बोटांची एक पद्धत आहे. पान वाचताना अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही मिटली तर पुस्तक सध्या अवघड. ती इंग्रजी पुस्तकांसाठी तयार झाली आणि मराठीत जशीच्या तशी चालत नाही. देवनागरी एकदा डोळ्यांत बसली की मूल काहीही घडाघडा वाचून दाखवतं. एका मुलीने 'किंकर्तव्यमूढ' हा शब्द असलेलं पान एकदाही न अडखळता वाचलं. काय झालं गोष्टीत, विचारलं तर म्हणाली, "वाचलं ना मी!" तेव्हापासून आम्ही पान मिटायला लावतो आणि विचारतो, आता कोण कुठे आहे? ते सांगता आलं की पुस्तक त्याच्या बेताचं.

अगदी लहानांचा प्रश्न उलटा. त्यांना अर्थ कळतो, अक्षर अडवतं. 'पाऊस आला' सरळ जातं, 'स्वच्छ' आलं की गाडी थांबते. छोट्यांसाठी म्हणून छापलेल्या पुस्तकांत एकेका पानावर सात-आठ जोडाक्षरं असतात, टाइप बारीक असतो आणि ओळ शब्दांच्या भलत्याच जागी तुटते. आम्ही पुस्तकांवर रंगीत ठिपके लावले: हिरवा म्हणजे जोडाक्षरं जवळजवळ नाहीत, पिवळा म्हणजे थोडी, लाल म्हणजे मोकळं रान. लगेच "तू अजून हिरवं वाचतोस?" सुरू झालं. ठिपके मग मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला गेले. ते आता फक्त आम्हालाच दिसतात, आणि लाल ठिपकेवाल्या मुलांची ऐट संपली.

सगळ्यात नाजूक गट इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा. घरी मराठी बोलतात, वाद मराठीत घालतात, पण वाचताना बोट ओळीवरून हळूहळू सरकतं. वय दहा, मराठी वाचनाचा वेग सहाव्या वर्षाचा. त्यांच्या हातात 'झेपेल' असं पुस्तक दिलं की त्यात बदकाचं पिल्लू हरवलेलं असतं. पाचवीतल्या मुलाला ते देणं म्हणजे त्याचा सरळ अपमान. डोक्याला हवं ते डोळ्यांना झेपत नाही आणि डोळ्यांना झेपतं ते डोक्याला नको असतं. अशी मुलं मग म्हणतात, मराठी बोअर आहे. घरचे म्हणतात, आवड नाही.

त्यांच्यासाठी आम्ही शब्द कमी आणि डोकं जास्त अशी पुस्तकं शोधली. चित्रकथा. कोडी. विनोद, तेही पाचकळ. प्राण्यांबद्दलची, यंत्रांबद्दलची माहितीपर पुस्तकं, ज्यांत एकेक परिच्छेद सुटा वाचता येतो. आणि काही चित्रपुस्तकं, जिथे मजकूर एक सांगतो आणि चित्र गुपचूप वेगळंच सांगतं. तशी पुस्तकं कुठल्याही वयाला चालतात. पण खरं काम केलं ते मोठ्याने वाचण्याने.

शनिवारी सहा वाजता सर वाचतात. वर्गातला आवाज त्यांनी पहिल्या काही आठवड्यांत सोडला. चित्रं सगळ्यांना दिसतील असं पुस्तक छातीशी, उघडी बाजू मुलांकडे, आणि मजकूर वरून तिरपं बघून वाचायचा. याचा सराव त्यांनी घरी आरशासमोर केला, हे काकूंनी, म्हणजे त्यांच्या मिसेसनी, मला सांगितलं. अध्येमध्ये प्रश्न नाहीत. कुणी मधेच बोललं तर बोलू द्यायचं. वाचून झाल्यावर 'काय शिकलात?' हा प्रश्न वर्ज्य. आठवी-नववीतली मुलं 'धाकट्याला सोडायला आलोय' म्हणून दाराशी उभी राहतात आणि गोष्ट संपेपर्यंत तिथेच असतात. त्यांना आत बोलावलं की निघून जातात, म्हणून आम्ही बोलवत नाही. दाराजवळ दोन खुर्च्या मात्र ठेवल्या आहेत.

माझी नोंदवही. त्यात नाव, पुस्तक, नेलं, आणलं हे रकाने होतेच. पाचवा मी घातला, 'कुठपर्यंत'. पुस्तक परत आणताना मूल सांगतं, पूर्ण किंवा अमुक पान. अर्धवट सोडलं तर काही बोलायचं नाही, पान लिहून घ्यायचं, दुसरं पुस्तक द्यायचं. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यांतला पहिला न वाचण्याचा, दुसरा पानं गाळण्याचा आणि तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा. ते स्वतः शिक्षक होते, हे विशेष. काही पालकांना हा रकाना अजिबात आवडला नाही. "सोडायची सवय लागेल." मी विचारलं, तुम्ही अर्धवट सोडलेलं शेवटचं पुस्तक कोणतं? एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, सोडायला आधी सुरू करावं लागतं.

या रकान्याने काही महिन्यांनी मजेशीर गोष्ट दाखवली. एक साहसकथा होती, आम्हा तिघांच्याही आवडीची. मुलं उत्साहाने न्यायची आणि परत आणायची. 'कुठपर्यंत' बघितलं तर जवळपास सगळी एकाच ठिकाणी, विसाव्या-बाविसाव्या पानाच्या आसपास थांबलेली. पुस्तक काढून बघितलं. तिथे नदीचं वर्णन होतं, सलग अडीच पानं, सुंदर, पण आधीच्या प्रकरणात मुलगा नदीत पडलेला आणि वाचणाऱ्याला तो वाचला का एवढंच हवं होतं. पुढच्या शनिवारी सरांनी सुरुवातीपासून ती नदी ओलांडेपर्यंतचा भाग वाचून दाखवला आणि अगदी ऐन मोक्यावर थांबले. त्या संध्याकाळी पुस्तकासाठी नंबर लावावे लागले. आता अशा पुस्तकांची एक यादीच आहे आमच्याकडे, 'धक्का लागणारी'. सुरुवात आम्ही वाचतो, बाकीचं मुलं.

दुसरी सोय मुलांनीच काढली. प्रत्येक पुस्तकाच्या मागे आम्ही एक कोरा कागद चिकटवला होता, शेरा लिहायला. सुरुवातीला 'छान आहे', 'खूप छान आहे'. मग तिसरीतल्या एका मुलीने एका पुस्तकाच्या मागे लिहिलं, 'कुत्रा शेवटी मरतो. रात्री वाचू नका.' बस. त्यानंतर शेऱ्यांचा सूरच बदलला. 'भूत खोटं आहे, माणूस असतो.' 'पहिली दहा पानं सोडा.' 'चित्रातली मांजर शोधा, प्रत्येक पानावर आहे.' 'सगळ्या गोष्टींत आजी गावाला का राहते? माझी आजी बँकेत आहे.' कुत्र्याचा शेरा तर इतका लागू पडला की प्राण्याचं चित्र असलेलं कुठलंही पुस्तक दिसलं की मुलं आधी मागचा कागद बघतात किंवा सरळ मला विचारतात, काकू, मरतो का? मी सांगते. काही जण ते ऐकून पुस्तक परत अडकवतात, काही मुद्दाम तेच नेतात. रडायचं असतं कुणाकुणाला.

बक्षिसांचं प्रकरण असं. एका वडिलांनी सुचवलं की प्रत्येक पुस्तकाला एक स्टार द्या, महिन्याचा 'वाचनवीर' निवडा, खर्च मी करतो. हेतू चांगला होता. ताईने त्यांना १९७३ चा एक प्रयोग सांगितला. अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली अशी मुलं घेतली ज्यांना चित्रं काढायची मुळातच आवड होती. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच नाही. पुढे बक्षीस नसताना, आधी कबूल करून दिलेल्या मुलांनी चित्रांकडे वळणं कमी केलं. बाकीच्या दोन्ही गटांत तसं झालं नाही. वडिलांचं समाधान झालं नाही. ते म्हणाले, आपली मुलं वेगळी. मग त्यांनी आपल्याच घरी फ्रिजवर तक्ता लावला. त्यांचा मुलगा त्या महिन्यात माझ्या वहीत ठळक दिसतो: सगळी सोळा पानी पुस्तकं, नेल्याच्या दिवशीच परत, 'कुठपर्यंत' मध्ये 'पूर्ण'. तक्ता भरला, त्याला बॅट मिळाली, आणि तो यायचा थांबला. बऱ्याच दिवसांनी परत आला तो डायनासोरच्या एका पुस्तकासाठी, आणि ते त्याने तीनदा मुदत वाढवून ठेवलं.

आता त्या मुलाविषयी, ज्याच्यामुळे मी वाचनाच्या पातळीवर फार विश्वास ठेवणं सोडलं. सहावीतला. आई म्हणाली, याला वाचायला येतच नाही म्हणा ना. शाळेनेही काहीसं तसंच सांगितलेलं. दोऱ्यांकडे तो पाठ करून बसायचा आणि ताईच्या फोनवर धावफलक बघायचा. एकदा सरांनी वर्तमानपत्राचं क्रीडा पान त्याच्या शेजारी नुसतं ठेवलं. त्याने वाचलं. सामन्याचा अख्खा वृत्तान्त, तीन रकाने, 'पायचीत', 'यष्टिचीत', 'निर्धाव षटक' सकट, आणि वर बातमीत एका फलंदाजाच्या धावा चुकल्याचंही दाखवून दिलं. तो उतारा त्याच्या पाठ्यपुस्तकापेक्षा नक्कीच अवघड होता. १९८८ चा रेक्ट आणि लेस्ली यांचा बेसबॉलवरचा अभ्यास याच जातीचा आहे: वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं त्या खेळावरचा उतारा, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा चांगला समजली. विषय ओळखीचा असला की मूल न वाचलेल्या जागाही भरून काढतं.

मग त्याच्यासाठी क्रिकेटचं काय काय मिळतं ते शोधलं. खेळाडूंची छोटी चरित्रं, जुन्या दौऱ्यांवरचे लेख, नियमांचं एक पुस्तक. नियमांचं पुस्तक त्याला सगळ्यात आवडलं, कारण त्यावरून मैदानात वाद जिंकता येत होते. तो कथा-कादंबऱ्या वाचत नाही, अजूनही नाही. आई मधूनमधून विचारते, गोष्टीची पुस्तकं कधी वाचेल? मी म्हणते, नाही वाचणार कदाचित. त्याचे वडील तरी कुठे वाचतात, पण दुचाकीचं मॅन्युअल त्यांना तोंडपाठ आहे.

पालकांची एक वेगळी व्यवस्था करावी लागली. दोरीपुढे मूल हात पुढे करतं आणि मागून आवाज येतो, "अरे हे बाळांचं आहे", "यात नुसती चित्रंच आहेत", "हे वाचलंयस ना एकदा?" चौथीतली मुलगी चित्रपुस्तक धरून उभी आणि आई ते हळूच काढून घेऊन इतिहासाचं पुस्तक हातात देते, हे मी दोनदा बघितलं आणि हॉलच्या मधोमध खुर्च्यांची एक रांग लावली. मोठी माणसं पलीकडे. नुसतं बसून काय करणार, म्हणून तिथे एका टेबलावर मोठ्यांची पुस्तकं ठेवली. दिवाळी अंकही ठेवले. गर्दी कमी झाली नाही, पण माना खाली झाल्या. एकच पुस्तक पुन्हापुन्हा नेण्यावर पालकांचा जो आक्षेप असतो, त्यावर मात्र माझ्याकडे युक्ती नाही. मी एवढंच म्हणते की पेनाकच्या यादीत पुन्हा वाचण्याचा हक्क चौथा आहे.

सध्या डोकं खातोय तो तेरा वर्षांपुढचा गट. त्यांना मुलांची पुस्तकं नकोत आणि मोठ्यांची कुणी देत नाही. या वयासाठी म्हणून मराठीत लिहिलेलं फार थोडं आहे, म्हणून ज्यांचं इंग्रजी बरं ती तिकडे जातात आणि बाकीची कुठेच जात नाहीत. आम्ही मोठ्यांच्याच पुस्तकांतून निवड केली: रहस्यकथा, प्रवासवर्णनं, विज्ञानकथा, काही आत्मचरित्रं. प्रत्येक आम्हा तिघांपैकी दोघांनी तरी वाचलेलं. कारण नववीतल्या मुलीची आई येऊन विचारते, "यात तसलं काही नाही ना?" आणि तेव्हा 'माहीत नाही' हे उत्तर चालत नाही. काय आहे ते मी प्रकरणासकट सांगते. एकदोघींनी ऐकून घेऊन पुस्तक मुलीला दिलं, एकीने आधी स्वतः नेलं आणि ते अजून आणलेलं नाही.

ही पुस्तकं सगळ्यात वरच्या दोरीवर आहेत, म्हणजे धाकट्यांच्या हाताला लागू नयेत. पाचवी-सहावीतली मुलं दाराजवळच्या खुर्च्या ओढून त्यांवर चढतात. सर म्हणतात, मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ताईचं म्हणणं, दोरी आणखी वीतभर वर घेऊ म्हणजे आणखी वाचतील.